पंधरा दिवसांचा चारा

मासे धरण्याच्या बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. इंदुरात दर दुसऱ्या माणसाला राजकारण कळतं, शेव-जलेबी तर सगळ्यांनाच कळते. पण गळ आणि पाणी कळणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजावी लागतात. त्यांतला एक माझा दादा होता, आणि मला जे येतं ते त्यानंच शिकवलेलं.

आम्ही दिघे, कायस्थ. पणजोबा होळकरांच्या दप्तरात कारकून म्हणून आले आणि इथलेच झाले. कोकण सुटलं पण माशाची चटक सुटली नाही. आता माळव्यात समुद्र आणणार कुठून? म्हणून आमच्या घरातली पुरुषमंडळी तळ्यांवर जायची. सिरपूर, बिलावली, आणि यशवंतसागर झाल्यावर तिथे. स्नेहलतागंजातल्या आमच्या घरी रविवारी मासा शिजला की खालचे गुजराती बिऱ्हाडकरू खिडक्या लावून घ्यायचे. दादा मुद्दाम खाली जाऊन विचारायचा, "क्यों काका, तबियत ठीक है ना?"

माझं नाव शाम. बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन आहे. रोज रेघा मारतो, इंच आणि सूत मोजतो. मला भास होत नाहीत. डोळे उत्तम आहेत, झोप शांत लागते. निदान या भाद्रपदापर्यंत लागत होती.

दादा, म्हणजे रघुवीर, एक्कावन्न सालच्या भाद्रपदात यशवंतसागरात बुडाला. डोंग्यात आम्ही दोघंच होतो. तलाव काठोकाठ भरलेला. दादाच्या गळाला मोठं जनावर लागलं, दादा उभा राहिला, डोंगा कलंडला. मी डोंग्याची कड धरली, त्याच्या हाती काही लागलं नाही. त्या दिवशी सायफन चालू होते. सायफन म्हणजे भरलेल्या तलावाचं पाणी आपोआप खेचून भिंतीपलीकडे नदीत ओतणारे मोठे नळ. त्यांचा आवाज मैलभर ऐकू येतो. दादाचं डोकं त्या बाजूला जाताना मी पाहिलं, मग दिसेनासं झालं. त्या सायफनचा नकाशा मी स्वतः ट्रेस केलेला आहे. त्यातून माणूस धड बाहेर पडू शकत नाही, हे मला आकड्यांनिशी ठाऊक होतं.

पाच दिवस तलाव शोधला, खाली गंभीर नदी शोधली. काही मिळालं नाही.

आणि इथेच सगळी गोची झाली. प्रेत मिळालं नाही तर बारा वर्षं माणूस मेला असं धरायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आई त्यावर ठाम, आणि यशोधरावहिनी आईपेक्षा ठाम. वहिनीचं कुंकू तसंच, बांगड्या तशाच. रोज रात्री आधी दादाचं पान वाढायचं, पितळी झाकण घालून ठेवायचं, आणि मग हिनं जेवायचं. सकाळी तो भात गाईला. असं तीन वर्षं, एकही रात्र न चुकता. एकोणतीस वर्षांची बाई. मुलींच्या शाळेतून नोकरीसाठी दोनदा बोलावणं आलं, तिनं नाही म्हटलं. म्हणे, दुपारी घराला कुलूप असेल आणि नेमके ते आले तर?

मला तिची दया यायची, आणि खरं सांगतो, चीड पण यायची. दारात बसून बाई वाळत चालली होती. मला दादाचं काहीतरी हवं होतं. एखादं हाड, पट्ट्याचं बक्कल, मनगटातलं घड्याळ, काहीही. ते तिच्यापुढे ठेवायचं आणि म्हणायचं, वहिनी, बस झालं आता. एवढ्यासाठी मी दर भाद्रपदात तलावावर जात होतो. मासे धरणं हा बहाणा होता, पण बहाणासुद्धा मी नीट करतो.

यंदा पंधरा दिवसांची रजा टाकली. दादा बुडाला त्या खाडीपाशीच जागा धरायची आणि रोज चारा लावायचा असं ठरवलं. चारा लावणं म्हणजे एकाच जागी, एकाच वेळी, रोज खाणं टाकत राहायचं. मासा शिकतो, वेळेवर यायला लागतो. पहिले चार दिवस नुसतं खाऊ घालायचं, पाचव्या दिवशी गळ. यात एक नियम पक्का आहे. एक दिवससुद्धा चुकवायचा नाही, चुकला की मासा जागा सोडतो.

चाऱ्याला भात उत्तम. पहिल्या सकाळी वहिनी दादाच्या पानातला भात गाईला द्यायला निघाली होती. मी म्हटलं, "वहिनी, तो मला द्या. तेवढेच मासे तरी खातील."

ती जरा थांबली. "न्या. पण भाऊजी, त्यांच्या नावाचा आहे तो. पायाखाली नका येऊ देऊ."

तिनं फडक्यात बांधून दिला. स्वयंपाकघरातून मी मूठभर काळे तीळ घेतले. तिळाच्या वासानं रोहू लांबून येतो.

मल्हारगंजातून गौतमपुऱ्याची मोटर नऊला सुटते. हातोदच्या पुढे उतरून बांधापर्यंत दीड मैल चालायचं, मग खाडीला वळसा. सगळं मांडून होईपर्यंत बरोबर बारा वाजायचे. परतीची मोटर तीनची. तेव्हा बाराची वेळ मोटरवाल्यानं ठरवली, मी नाही.

मी दक्षिणेकडे तोंड करून बसायचो. उन्हाकडे तोंड केलं की आपली सावली पाठीमागे पडते, पाण्यावर नाही. सावली पडली की मासा बिचकतो, हे दादाचंच शिकवणं. भाद्रपदातलं ऊन म्हणजे अंगाची काहिली, म्हणून सदरा काढून ठेवायचो. काठी फेकताना जानवं उजव्या हाताशी अडकायला लागलं, म्हणून ते दुसऱ्या खांद्यावर टाकलं. दोरीनं बोट कापलं, म्हणून काठावरच्या चिवट गवताची दोन पाती अनामिकेला गुंडाळली. एका पानाच्या भातात तीळ मिसळून तीन गोळे व्हायचे. भात बोटांना चिकटतो, तेव्हा गोळा पुढून न सोडता अंगठ्याच्या बाजूनं खाली सोडायचा.

यातली एकेक गोष्ट का केली ते मी आजही सांगू शकतो. प्रत्येकाला कारण आहे.

आणि पहिला गोळा सोडताना मी म्हटलं, "रघुवीरदादा, घे. जेवून घे बाबा." दादा स्वतः चारा टाकताना माशांना असंच बोलवायचा, या मंडळी, पानं वाढली आहेत. मला त्याची आठवण आली, म्हणून बोललो. मग रोजच बोलायची सवय झाली.

चार दिवस गेले. चारा लागला की तिसऱ्या दिवसापासून त्या जागी बारीक बुडबुडे दिसायला लागतात, खाली मासे चरत असतात. इथे एक बुडबुडा नाही. उलट आधी दिसणारी चिल्लर मासळीही दिसेनाशी झाली. खंड्या पक्षी तिथे रोज बसायचा, तो यायचा बंद झाला. वाऱ्यानं सगळ्या खाडीवर लहरी उठायच्या, पण मी गोळे सोडायचो तेवढा तुकडा सपाट राहायचा. साधारण सहा फूट बाय तीन फूट. मी मोजला नाही, पण माझा अंदाज फारसा चुकत नाही.

काठावरच्या बाभळीवर कावळे बसत. पहिल्या दिवशी दोन, चौथ्या दिवशी वीस-बावीस. एकदा एक गोळा हातून निसटून चिखलात पडला. कावळे खाली उतरले, त्याच्याभोवती फिरले, चोच कोणी लावली नाही. पुन्हा वर जाऊन बसले आणि माझ्याकडे बघत राहिले. तिळाचा भात, आणि कावळा शिवत नाही! मला नवल वाटलं, एवढंच.

पाचव्या दिवशी गळ टाकला.

माझे गळ ओळखू येतात. दांड्यावर लाल रेशमाचे नऊ वेढे, वर लाख. रेशीम वहिनीच्या भरतकामाच्या डब्यातलं. वेढ्यांतून एक छोटा फासा काढतो आणि त्या फाशाला दोरीची गाठ मारतो. त्या दिवशी साडेबाराला दोरीला तरंगा म्हणून बांधलेलं मोरपीस हललं. मासा ओढतो तसं नाही. हळूच एक वीत बाजूला सरकलं आणि थांबलं. मी दोरी गुंडाळली. टोकाला गळ नव्हता.

दोरी तुटली असती तर टोक विस्कटलेलं असतं. हे टोक साबूत होतं, गाठीच्या वळ्या तशाच उमटलेल्या. गाठ सुटली होती. मी स्वतःला शिवी दिली आणि दुसऱ्या दिवशी दुहेरी गाठ मारून वर मेण लावलं.

तीही सुटली.

सातव्या दिवशीही तेच. ऑफिसची भिंगाची काच मी घरी आणलेली होती, तिच्याखाली टोक धरलं. मेणावर नखाची खूण होती. चंद्रकोरीसारखी, डाव्या अंगानं गेलेली.

दादा डावखुरा. गाठ कापणं त्याला मंजूर नव्हतं. कितीही घट्ट बसलेली असो, डाव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं असायचं, त्यानं तास तास बसून सोडवायचा. मी कात्री घेतली की ओरडायचा, "अबे, दोरी काय फुकट येते?"

त्या रात्री मी भिंग बाजूला ठेवलं. मग ठरवलं की कासव असेल. कासव नखं मारतं. कासव गाठ सोडवत नाही, हे मला कळत होतं. तरी कासवच, असं ठरवलं.

तुम्ही म्हणाल, मग सोडायचं होतं तिथे जाणं. कसं सोडणार? खाली काहीतरी होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी होतं. आणि चारा एक दिवस चुकला की ते निघून जाईल, ही भीती.

घरात मात्र वेगळंच चाललं होतं. वहिनीच्या तोंडावर टवटवी आली होती. नवव्या रात्री पानावर झाकण घालताना ती आईला म्हणाली, "आई, आजकाल असं वाटतं की ते नको म्हणतायत. पोट भरलंय म्हणून सांगतायत." आणि हसली. "कुठेतरी बरं जेवायला मिळत असेल त्यांना. येतील आता. जवळ आलेत."

आईनं डोळ्यांना पदर लावला. मी उठून गच्चीवर गेलो. मला ते हसणं बघवेना.

अकराव्या दिवशी संताजी आला. संताजी तलावावरचा चौकीदार, होळकरांच्या फौजेतला जुना शिपाई, साठी उलटलेला. दादा बुडाला तेव्हा पाच दिवस पाण्यात उतरलेला हाच. रोज लांबूनच रामराम करायचा. त्या दिवशी मागे येऊन उभा राहिला.

"शामराव, ये क्या करून राहिले तुम्ही?"

"चारा लावतोय."

"कोणासाठी?"

"कोणासाठी म्हणजे? माशांसाठी."

"मासे तर खाऊन नाही राहिले." त्यानं माझ्या बोटातल्या गवताकडे पाहिलं, मग माझ्या खांद्याकडे. "असं नका बसू. तोंड फिरवून बसा."

"सावली पडते पाण्यावर," मी म्हटलं. मला राग आला होता. याला काय कळतं गळातलं?

त्यानं कावळ्यांकडे पाहिलं आणि मागच्या मागे, पाठ न फिरवता गेला.

मी बारावा दिवस केला, तेरावा केला, चौदावा केला. रोज एक गळ गेला. दहा गळ झाले. भाताच्या गोळ्यांना आता पाण्यात पडताना आवाज होत नव्हता. आणि पाण्यातून वास येत होता. शेवाळाचा नाही, चिखलाचा नाही. आमच्या स्वयंपाकघराचा, साजूक तूप घातलेल्या गरम भाताचा. माझा भात रात्रीचा, थंडगार, तूप नसलेला.

पंधराव्या दिवशी अमावास्या होती. मोटरीत गर्दी नव्हती. ड्रायव्हर म्हणाला, "क्यों भिया, पंद्रह दिन हो गए, अब तक खाली हाथ?" मी म्हटलं, आज शेवटचा दिवस.

बाराला बसलो. पहिला गोळा सोडला. "रघुवीरदादा, घे." दुसरा सोडला, तो काठालगत उथळ पाण्यात राहिला. बाभळीवर त्या दिवशी जागा उरली नव्हती, इतके कावळे होते, आणि एकही ओरडत नव्हता.

तिसरा गोळा मी गळावर लावून टाकला.

एक वाजायला आला तेव्हा एक कावळा खाली उतरला. काठालगतच्या गोळ्याकडे गेला, मान तिरकी केली आणि चोच मारली.

त्याच क्षणी दोरी ताठ झाली.

पंधरा वर्षं मी मासे धरतो. इतकं वजन माझ्या हाताला कधी लागलेलं नाही. उसळी नाही, झटका नाही, नुसतं जड. कोणीतरी पाय रोवून उभं असावं आणि तरीही ओढलं जात असावं, तसं. मी टाच चिखलात रुतवली. बोटातलं गवत तुटलं, बोट कापलं. हाड नाही, बक्कल नाही, सगळा दादाच वर येतोय, असं माझ्या मनात आलं, आणि देवाशपथ सांगतो, मला आनंद झाला.

"आता नाही सोडत तुला," मी ओरडलो. "चल! घरी चल!"

तो सपाट तुकडा काठाकडे सरकू लागला.

दहा फूट. आठ फूट.

पाण्याखाली काही पांढरट दिसलं असं मला वाटतं. मी खात्रीनं सांगू शकत नाही.

मग एकदम दोरी सैल पडली. मी पाठीवर आपटलो. घड्याळात एक वाजून वीस मिनिटं झाली होती. गळ जागच्या जागी होता, गाठ तशीच, भात गेलेला. वारा आला आणि तो तुकडाही इतर पाण्यासारखा हलायला लागला. बाभळीवरचे कावळे ओरडत उडून गेले.

मी रडलो. आजूबाजूला कोणी नव्हतं म्हणून मोठ्यानं रडलो. सामान गोळा करून तीनची मोटर धरली.

घरी पोचलो तर दिवेलागणीला वेळ होता, आणि वहिनी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी. अंगावर हिरवं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू. हातात पोस्टकार्ड होतं. दुपारच्या टपालानं आलेलं.

"भाऊजी, वाचा. मोठ्यानं वाचा. आईला पुन्हा ऐकायचंय."

हिंदीत होतं. गंभीर जिथे शिप्रेला मिळते, त्याच्या अलीकडे एक घाटाचं गाव आहे. नाव लिहीत नाही. तिथल्या धर्मशाळेत दवाखाना चालवणाऱ्या वैद्यांनी लिहिलं होतं. तीन वर्षांपूर्वी पुरात वाहत आलेला एक माणूस आमच्याकडे आहे. नाव-गाव विसरलेला, बोलत नव्हता. पंधरवडा लागल्यापासून एकेक शब्द बोलू लागला आहे, मराठी आहे. काल म्हणाला की माझं नाव रघुवीर दिघे, घर इंदूर, स्नेहलतागंज. लवकर या. त्यानं अन्न सोडलं आहे.

तो सायफनमधून कसा वाचला, ते मला विचारू नका. नकाशा मी पाहिलेला आहे.

पहाटेच्या पहिल्या मोटरीनं मी आणि वहिनी निघालो. तिनं डब्यात भात घेतला होता, वर तूप. सगळ्या वाटेनं बोलत होती. आधी दाढी करायला लावीन, म्हणाली. मग म्हणाली, मला ओळखलं नाही तरी चालेल भाऊजी, मी सांगीन मी कोण ते. मी मान हलवत होतो. तळहातावर दोरीची लाल रेघ उमटली होती, ती मूठ मिटून झाकली.

धर्मशाळेच्या दारात वैद्यजी भेटले. म्हातारा, सज्जन माणूस. वहिनीचं कुंकू पाहून त्यांनी मान खाली घातली.

दादा आदल्या दिवशी दुपारी गेला होता. त्यांनी आमच्यासाठी सकाळपर्यंत थांबवून ठेवला होता.

मी पाहिला. दादाच होता. हाडांचा सापळा, पण दादा. डाव्या अंगठ्याचं नख वाढलेलं. खालच्या ओठावर बारीक जखम होती, ताजी.

"पंद्रह दिन एक दाना नहीं लिया," वैद्यजी म्हणाले. "थाली रखते तो हाथ जोड़ता. कहता, हो गया मेरा. घर से आता है. शाम खिलाता है." त्यांनी दादाच्या अंगावरची चादर सारखी केली. "हमने पूछा, शाम कौन? तो हँसता था."

"कितने बजे?" मी विचारलं. मला माहीत होतं, तरी विचारलं.

"एक के बाद, डेढ़ से पहले. अजीब बात हुई साहब. उठने की ताकत नहीं थी, और एकदम खाट से नीचे आया. जैसे कोई खींच रहा हो. दरवाज़े तक आया, नदी की तरफ मुँह करके. वहीं..."

वहिनी रडली नाही. दादाच्या उशापाशी बसून तिनं त्याचे केस सारखे केले. वैद्यजींनी त्याच्या उशीखालची पुरचुंडी आणून तिच्या हातात दिली. इतकंच त्याचं सामान होतं.

तिनं सोडली.

आत गळ होते. लाल रेशमाचे नऊ वेढे, वर लाख. मी मोजले नाहीत. तिनं मोजले. दहा.

तिनं रेशमावरून बोट फिरवलं. आपल्या डब्यातलं रेशीम बाईला कळतंच.

"भाऊजी, भात कसा टाकायचात तुम्ही?"

मी सांगितलं. काय लपवणार? तिनं एकेक विचारलं आणि मी एकेकाचं उत्तर दिलं.

"किती वाजता?" बाराला. "तीळ?" काळे. "तोंड कुठे?" दक्षिणेला. "अंगात सदरा?" नाही. "जानवं?" उजव्या खांद्यावर. "बोटात काही?" गवत. "गोळा कसा सोडायचात?" मी हात करून दाखवला, अंगठ्याच्या बाजूनं. "काही बोलायचात?"

"दादाचं नाव," मी म्हटलं. "घे म्हणायचो. जेवून घे."

"पितृपंधरवड्यात," ती म्हणाली.



"जिवंत होते ते, भाऊजी. मी सांगत होते ना तुम्हा सगळ्यांना. माझ्या हातचा भात होता तो. जिवंत माणसाच्या पानातला."

तिनं गळ पुन्हा बांधले आणि पुरचुंडी कमरेला खोचली. दादाला अग्नी मीच दिला, घाटावर. त्या वेळी जानवं उजव्या खांद्यावर घ्यायला सांगितलं, तर माझा हात आपोआप गेला.

हे मी कार्तिकात लिहितो आहे. तेरा दिवस झाले, मग महिना झाला. आई अंथरुणाला खिळली आहे. वहिनी माझ्याशी वाईट बोलत नाही. चांगलंही बोलत नाही. रात्री पान वाढणं तिनं सोडलं नाही. मी विचारलं नाही कोणाचं म्हणून. सकाळी फडक्यात काहीतरी बांधून ती नऊची मोटर धरते आणि संध्याकाळी येते.

परवा संताजी इंदुरात आला होता, मल्हारगंजात दिसला. मला पाहून रस्ता ओलांडायला लागला. मी हाक मारली.

"वहिनी तिकडे येतात का?"

"रोज येतात. तुमच्याच जागेवर बसतात." तो माझ्याकडे बघत नव्हता. "भात टाकतात."

"दादाच्या नावानं?"

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाला, "शामराव, काही खात चला. फार उतरून गेले तुम्ही."

मी तिला अडवू शकतो. घराला आतून कुलूप लावू शकतो, मोटरवाल्याला सांगू शकतो. पण कुठल्या तोंडानं सांगू? आणि चारा एक दिवस चुकवायचा नसतो, हे तिला मीच सांगितलं होतं, पहिल्या सकाळी, भात घेताना.

वहिनी तिकडे जायला लागल्याचा आज अकरावा दिवस. ऑफिसात गिरणीचा बाराचा भोंगा ऐकू आला. सगळ्यांनी डबे उघडले. मी उघडला नाही. सकाळी चहासुद्धा घेतलेला नाही, आणि पोट गच्च भरलेलं होतं. जिभेला दाताच्या फटीत काही टोचलं. मी ते नखानं काढून समोरच्या कोऱ्या ट्रेसिंगवर ठेवलं.

काळा तीळ होता.